उशिरा निघालेली माणसे : तेर, १८६०चा तह आणि मराठवाड्याचे स्थलांतर

मुंबईच्या गिरणगावाचा इतिहास वाचताना रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, पुणे ही जिल्ह्यांची नावे पुन्हा पुन्हा समोर येतात. १९२१च्या शिरगणतीत मुंबईच्या दर शंभर रहिवाशांपैकी ८४ जण शहराबाहेर जन्मलेले होते, आणि त्यांत एकट्या रत्नागिरी जिल्ह्याचे दोन लाखांहून अधिक लोक होते. या यादीत धाराशिव, बीड, परभणी, नांदेड शोधायला गेलो तर फारसे काही हाती लागत नाही. मराठवाड्याचा माणूस मुंबईत ठळकपणे दिसू लागतो तो १९७२च्या दुष्काळानंतर. तोवर गिरण्यांच्या भरतीचे दिवस संपलेले असतात. त्याच्या वाट्याला बांधकाम, मजूर नाका आणि खाडीकाठची झोपडी येते. नाहीतर तो मुंबईला जातच नाही. दसरा झाला की कोयता घेऊन उसाच्या फडाकडे निघतो.

कोकणातला माणूस आणि मराठवाड्यातला माणूस यांच्या शहरप्रवेशात हे शंभर वर्षांचे अंतर का पडले? नेहमीचे उत्तर असे, की मराठवाडा मुळातच मागास, निजामी अमलात निजलेला, सोशिक आणि घर न सोडणारा. म्हणजे उत्तर माणसांच्या स्वभावात किंवा मातीच्या गुणात शोधायचे. प्रस्तुत लेखात हा प्रश्न एका गावाच्या बाजूने पाहायचा आहे. ते गाव म्हणजे तेर. तिथून पाहिले तर उत्तराचा मोठा भाग एका सनात सापडतो : १८६०.

तगरचा लांबचा रस्ता

तेर हे तेरणेकाठचे गाव धाराशिवपासून वीसएक किलोमीटरवर आहे. संत गोरोबाकाकांचे गाव म्हणून वारकऱ्यांना ते ठाऊक असते, आणि प्राचीन तगर म्हणून अभ्यासकांना. तगर नेमके कुठले, यावर एकोणिसाव्या शतकात बराच वाद झाला. दौलताबादपासून जुन्नरपर्यंत अनेक नावे सुचवली गेली. तेर म्हणजेच तगर, हे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ साली मांडले आणि पुढच्या उत्खननांनी त्याला बळकटी दिली. रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावातून आणि परिसरातून जमवलेल्या वस्तूंमधून इथले शासकीय संग्रहालय उभे राहिले. नाणी, मणी, भाजक्या मातीच्या मूर्ती आणि हस्तिदंती कोरीवकाम तिथे पाहायला मिळते. इ. स. ७९मध्ये राखेखाली गेलेल्या पाँपेई शहरात १९३८ साली एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तिचे साम्य तेर आणि भोकरदन येथील मूर्तींशी आहे, हे अभ्यासकांनी दाखवून दिलेले आहे.

पहिल्या शतकातल्या एका अनामिक ग्रीक खलाशाने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरप्रवासाच्या वर्णनात तगरचा उल्लेख येतो. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर. तगरहून साधे कापड आणि तलम मलमल गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून, भडोचला जात असे. नकाशा समोर ठेवला की यातली विसंगती डोळ्यांत भरते. तेरहून कोकणकिनारा जवळ आहे. कल्याणला उत्तम बंदर होते. मग कापूस आणि कापड महिनाभर बैल हाकत गुजरातेत का न्यायचे?

याचे उत्तरही त्याच ग्रंथात मिळते. पूर्वी कल्याणचे बंदर खुले होते. पुढे सत्तेच्या झगड्यात ते अडले, आणि चुकून तिथे लागलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. क्षत्रप आणि सातवाहन यांच्यातल्या या संघर्षाचा तगरच्या विणकरांशी काही संबंध नव्हता. त्यांचे कापड मात्र कोणत्या रस्त्याने जाणार, हे त्या संघर्षाने ठरवले.

पुढे समुद्रापलीकडचा तो व्यापार ओसरला आणि तगर लहान झाले. त्याचे नाव मात्र माणसांबरोबर फिरत राहिले. उत्तर कोकण आणि कोल्हापूर या दोन्हीकडच्या शिलाहार राजांनी आपल्या ताम्रपटांत आणि शिलालेखांत ‘तगरपुरवराधीश्वर’ हे बिरुद शतकानुशतके मिरवले. तेव्हा ‘तेरचा माणूस घर सोडत नाही’ असे म्हणण्याला इतिहासाचा आधार नाही. तेरहून माल, माणसे आणि घराण्यांची आठवण फार पूर्वीपासून बाहेर जात आलेली आहे. कोणत्या काळात, कोणत्या दिशेने आणि कोणत्या अटींवर जायचे, हे बहुधा दुसऱ्यांनी ठरवले.

सात वर्षे

आता एकदम एकोणिसाव्या शतकात यायचे. तेव्हा तेर निजामाच्या राज्यात, नळदुर्ग जिल्ह्यात होते. निजामाच्या खर्चाने इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली ‘हैदराबाद कंटिंजंट’ नावाची फौज ठेवली जाई. तिचा पगार थकत गेला आणि निजामावर कंपनीचे कर्ज चढले. मे १८५३मध्ये लॉर्ड डलहौसीने निजाम नासिरुद्दौला याच्याकडून तह लिहून घेतला. त्यान्वये वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिव-नळदुर्ग हे तीन मुलूख फौजेच्या खर्चासाठी इंग्रजांच्या कारभाराखाली गेले. तेर त्या तिसऱ्या मुलखात होते.

नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार कॅप्टन मेडोज टेलर याच्याकडे आला. ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ लिहिणारा हा तोच टेलर. याच भागातल्या तुळजापूरची पार्श्वभूमी घेऊन त्याने पुढे ‘तारा’ ही कादंबरी लिहिली. त्याने जमिनीची पाहणी सुरू केली, रस्ते आखले आणि महसुलाची घडी बसवायला घेतली. त्याच्या कारभाराचे गोडवे गाण्याचे कारण नाही. सारा वसूल व्हावा आणि फौजेचा खर्च निघावा, हाच त्यामागचा हेतू होता. मुद्दा एवढाच, की १८५३नंतर हा जिल्हा सोलापूर, नगर, पुण्याच्या रांगेत चालू लागला होता आणि तो परत जाईल असे कुणाला वाटण्याचे कारण नव्हते. इंग्रजांच्या हाती एकदा गेलेला मुलूख परत येण्याची उदाहरणे अगदी थोडी.

मग १८५७ उजाडले. १० मे रोजी मीरतला उठाव झाला आणि १६ मे रोजी नासिरुद्दौलाचे निधन होऊन अफजलुद्दौला गादीवर आला. दिवाण होता सालारजंग. १८५३च्या तहानंतर काही दिवसांतच त्याचे चुलते, दिवाण सिराजुल्मुल्क, वारले. त्यामुळे वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी दिवाणगिरी त्याच्याकडे आली होती. १७ जुलै १८५७ रोजी तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन यांच्या नेतृत्वाखाली जमावाने हैदराबादच्या रेसिडेन्सीवर हल्ला केला. सालारजंगाने इंग्रजांची बाजू घेतली. हैदराबाद बिथरले असते तर दख्खनमध्ये इंग्रजांना पाय रोवून उभे राहणे कठीण होते, याची जाणीव मुंबईपासून कलकत्त्यापर्यंत सर्वांना होती.

या निष्ठेचे बक्षीस १८६०च्या तहाने मिळाले. निजामाचे ५० लाखांचे कर्ज माफ झाले. सुरपूर संस्थान त्याला देण्यात आले. रायचूर दुआब आणि धाराशिव-नळदुर्ग परत करण्यात आले. वऱ्हाड मात्र इंग्रजांनी आपल्याकडेच ठेवले. वऱ्हाड कापसाचा मुलूख होता, हे लक्षात घेतले की त्यामागचा हिशेब कळतो.

या घटनाक्रमात किती गोष्टी वेगळ्या घडू शकल्या असत्या, ते पाहण्यासारखे आहे. १८५७ झालेच नसते तर बक्षीस देण्याचा प्रश्न आला नसता. हैदराबादने उठावाची साथ दिली असती तरी बक्षिसाचा प्रश्न नव्हता. सिराजुल्मुल्क आणखी पाच वर्षे जगते, तर त्या जुलैत दिवाणाच्या जागी दुसराच माणूस असता आणि त्याने काय केले असते ते सांगता येत नाही. धाराशिव निजामाकडे परतले ते या सगळ्या गोष्टी एका ओळीत जुळून आल्या म्हणून. तेरच्या कुठल्याही शेतकऱ्याला, कुंभाराला, कोष्ट्याला त्यात कुणी विचारले नव्हते.

आपण अशा घटनांना योगायोग म्हणतो. पण मराठीत योगायोग म्हटले की काहीतरी सुखद, जुळून आलेले असे मनात येते. इतिहासातला योगायोग तसा असेलच असे नाही. इथे त्याचा अर्थ इतकाच, की घडले ते घडणे अटळ नव्हते, आणि घडून गेल्यावर मात्र त्याचे परिणाम टळणारे नव्हते.

बार्शी आणि तेर यांच्यामधली रेषा

त्याच वर्षी, १८६०मध्ये, जी. आय. पी. रेल्वे सोलापूरला पोहोचली. आदल्या वर्षी ती बार्शी रोडपर्यंत, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपर्यंत आली होती. जिल्ह्याच्या उंबरठ्याशी लोखंडी रस्ता आला आणि नेमक्या त्याच वर्षी जिल्हा सरहद्दीच्या पलीकडे गेला.

बार्शी आणि तेर यांच्यात पन्नासएक किलोमीटरचे अंतर. भाषा एक, सोयरिकी एकमेकांत, पंढरीची वाट तीच. पण आता मधे राज्याची सीमा आली. पलीकडचे नाणे कलदार, अलीकडचे हाली सिक्का. निजाम सरकार आयात-निर्यातीवर शेकडा पाच दराने करोडगिरी घेई. १८८०च्या दशकात फारसीच्या जागी उर्दू ही राज्यकारभाराची भाषा झाली. १९१८ साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दू होते. मराठी बोलणाऱ्या मुलाला चार इयत्तांपुढे मराठीतून शिकायचे तर बार्शी, सोलापूर किंवा पुणे गाठणे भाग होते.

आज स्थलांतरितांबद्दल बोलताना ‘स्थानिक’ आणि ‘उपरा’ हे शब्द आपण सहज वापरतो. निजामाच्या राज्यात या भेदाला कायद्याचे रूप होते. रहिवासी तो ‘मुल्की’, बाहेरचा तो ‘गैरमुल्की’. १९१९च्या नियमांनुसार सरकारी नोकरीसाठी मुल्की असणे आवश्यक होते आणि बाहेरून आलेल्याला त्यासाठी पंधरा वर्षांचा रहिवास दाखवावा लागे. हे नियम मुळात उत्तर हिंदुस्थानातून येणाऱ्या नोकरदारांच्या विरोधातल्या असंतोषातून आले होते. पण शब्दशः पाहता तेरच्या दृष्टीने बार्शीतला मामा गैरमुल्की होता आणि चारशे किलोमीटरवरच्या वरंगळचा तेलुगू माणूस मुल्की.

सीमेने माणसे थांबली का? नाही. सोलापूरचा इतिहास हाच त्याचा पुरावा आहे. १८७७ साली तिथे पहिली कापड गिरणी, लोकांच्या बोलण्यातली ‘जुनी मिल’, सुरू झाली. तेलंगणातले पद्मशाली विणकर निजामाची हद्द ओलांडून सोलापुरात आले आणि त्यांनी शहराची भाषा, चव आणि हातमागाचा धंदा बदलून टाकला. १९०१मध्ये सोलापूरची वस्ती ७५ हजारांच्या आसपास होती. कापूसही सीमा ओलांडत होता. १८९७ साली एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंजिनिअरने बार्शी रोड ते बार्शी अशी अडीच फुटी अरुंद मापाची बार्शी लाइट रेल्वे सुरू केली. १९११पर्यंत ती येडशी, तडवळे, ढोकी असे करत लातूरला पोहोचली. तेरच्या अंगणातूनच ती गेली म्हणायला हरकत नाही.

पण या गाडीचे तोंड कुठे होते ते पाहा. निजामाच्या मुलखातला कापूस, तेलबिया, धान्य ती इंग्रजी हद्दीतल्या कुर्डुवाडीला आणून ओती. गिरण्या तिकडे आणि शेत इकडे. निजामाचा स्वतःचा मीटरगेज मार्ग मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करत हैदराबादला गेला. धाराशिव त्याच्या वाटेवर नव्हते. माल बाहेर न्यायचा रस्ता झाला. त्याच रस्त्याने माणसांनी मोठ्या संख्येने शहरात जाऊन मुक्काम करावा, यासाठी लागणारी शाळा, ओळखीपाळखी, आधी गेलेला चुलता, गावकीची खोली, हे काही तयार झाले नाही.

गर्दीपासून समाजापर्यंत

आधुनिक शहर नुसते पोट भरत नाही. ते माणसाला अनोळखी माणसांच्या शेजारी उभे करते. एका पाळीत काम करणारे, एका चाळीत राहणारे, एकच वर्तमानपत्र मोठ्याने वाचून ऐकणारे लोक हळूहळू ‘आपण’ असे बोलू लागतात. कोकणातून मुंबईला गेलेल्या माणसाने गावच्या मंडळाच्या खोल्या घेतल्या, मनीऑर्डरी पाठवल्या, भजनी मंडळे काढली, आणि १९२८च्या सहा महिन्यांच्या संपात तो गिरणी कामगार युनियनमध्येही उभा राहिला. सोलापुरात मे १९३०मध्ये गिरणी कामगारांच्या आणि नागरिकांच्या उठावापुढे प्रशासन काही दिवस नाहीसे झाले आणि सरकारला मार्शल लॉ पुकारावा लागला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना जानेवारी १९३१मध्ये फाशी झाली. ही चार नावे एका शहरातली आहेत. असे चौघे एकत्र येण्यासाठी आधी असे शहर असावे लागते.

सीमेच्या अलीकडे गर्दी जमवणे हाच गुन्हा होता. सभाबंदीच्या ‘गश्ती क्रमांक ५३’मुळे जाहीर सभेला परवानगी लागे. वर्तमानपत्रे मोजकी, तीही जपून लिहिणारी. तेव्हा अनोळखी माणसे एकत्र येण्याच्या जागा होत्या त्या जुन्याच : पंढरीची वारी, तुळजापूरचे नवरात्र, तेरला चैत्रात भरणारी गोरोबाकाकांची यात्रा. राजकारण याच आडवाटांनी शिरले. हिप्परगा येथे १९२१ साली राष्ट्रीय शाळा निघाली आणि तिथे शिकवायला आलेले व्यंकटेश खेडगीकर पुढे स्वामी रामानंद तीर्थ म्हणून साऱ्या संस्थानाला माहीत झाले. त्यांचे शिक्षण झाले होते सोलापूर, अमळनेर, पुणे या इंग्रजी हद्दीतल्या गावांत. माणसे तिकडे जात होती तशी विचार घेऊन इकडेही येत होती. महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ साली परतूरला भरले. १९३८ साली स्टेट काँग्रेस स्थापन होते न होते तोच तिच्यावर बंदी आली.

या संदर्भात एक प्रसंग तेरच्या अगदी शेजारचा आहे. फेब्रुवारी १९४१मध्ये कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषद भरली आणि तिला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले. निजामाच्या मुलखातल्या एका खेड्यात वतनाच्या वेठीत अडकलेले लोक दोन दिवस एकत्र बसले. तडवळ्याला बार्शी लाइट रेल्वेचे स्टेशन होते, ही गोष्ट इथे गौण नाही. कापूस बाहेर नेण्यासाठी टाकलेल्या रुळांवरून तीस वर्षांनी वेगळाच ऐवज आत आला. पुढे १९५० साली बाबासाहेबांनी औरंगाबादला महाविद्यालय काढले तेही मराठवाड्यात उच्च शिक्षणाची वानवा होती म्हणून. कोकणातल्या महार कुटुंबांना पलटण, गोदी आणि गिरणी ही दारे दोन पिढ्या आधी उघडली होती. मराठवाड्यातल्या दलितांना शाळेचेच दार प्रथम उघडावे लागले.

दोन दिशांनी पळालेली माणसे

१८६०ची रेषा सर्वांत जास्त रक्ताळली ती १९४७-४८मध्ये. स्वातंत्र्यानंतर ती दोन जिल्ह्यांमधली राहिली नाही. भारत आणि भारतात सामील न झालेले संस्थान यांच्यामधली सरहद्द झाली. रझाकारांच्या अत्याचारांना भिऊन सीमेलगतच्या गावांतून हिंदू कुटुंबे बार्शी, सोलापूर, पंढरपूरकडे निघून गेली. सीमेवर स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांचे कॅम्प उभे राहिले. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य सोलापूरहून नळदुर्गमार्गे आत शिरले आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. मराठवाडा हा दिवस मुक्तिदिन म्हणून साजरा करतो, आणि तो सार्थच आहे.

पण त्यानंतरच्या आठवड्यांत दुसऱ्या दिशेने माणसे पळाली. केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली पाठवलेल्या समितीने उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे चार जिल्हे सर्वाधिक होरपळल्याचे नोंदवले. या चार जिल्ह्यांत मारल्या गेलेल्यांची संख्या १८ हजारांहून कमी नसावी, असा तिचा अंदाज होता. मारले गेलेले बहुतेक मुसलमान होते, आणि त्यांतल्या बहुसंख्यांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता. कित्येक कुटुंबे हैदराबाद शहराकडे गेली ती परत आली नाहीत. हा अहवाल अनेक दशके लोकांसमोर आला नाही. त्यामुळे आपल्या स्थानिक इतिहासात बार्शीच्या कॅम्पांची आठवण जितकी जिवंत आहे, तितकी या दुसऱ्या स्थलांतराची नाही.

हे लोक आणि ते लोक दोघेही एकाच रेषेचे बळी होते. ती रेषा धर्माने आखलेली नव्हती. एका फौजेचा थकलेला पगार आणि एका दिवाणाची निष्ठा यांतून ती आली होती. १८६० साली धाराशिव परत गेले नसते तर १९४८ साली तेर, ढोकी, तुळजापूर ही गावे बार्शीसारखी सरहद्दीच्या पलीकडे, सोलापूर जिल्ह्याच्या शेजारची साधी तालुक्याची गावे असती.

कोयता

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. जवळजवळ शंभर वर्षांनी, १९५६ साली, तेर आणि बार्शी एका राज्यात आले. रेषा नकाशावरून गेली, पण तिने केलेली वाटणी जमिनीत उरली होती.

१८७६-७८च्या दुष्काळानंतर इंग्रज सरकारने आपल्या हद्दीत दुष्काळनिवारणासाठी कालवे काढायला घेतले. नीरेचा डावा कालवा १८८५मध्ये झाला. पुढे प्रवरा आणि गोदावरीचे कालवे आले, १९२६मध्ये भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले. हे पाणी मुळात ज्वारी-बाजरी वाचवण्यासाठी होते. शेतकऱ्यांनी त्यावर ऊस लावला, कारण परवडत होता तो ऊसच. त्या उसावर आधी खासगी आणि १९५०च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी कारखाना उभा राहिला. निजामानेही मोठे धरण बांधले, पण ते तेलंगणात, निजामसागरला. मराठवाड्याच्या वाट्याला तसे काही आले नाही.

म्हणजे १९६०च्या नव्या राज्यात एकीकडे पिकलेला ऊस होता आणि दुसरीकडे रिकामे हात होते. १९७२च्या दुष्काळाने ही जोडी पक्की केली. त्या काळात राज्यभर दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसे राबत होती. खडी फोडणे, पाझर तलाव, सुकडीचे वाटप हे शब्द त्या पिढीच्या तोंडी कायमचे बसले. रोजगार हमीने लाखोंना गावात धरून ठेवले, पण जे निघाले त्यांच्यापुढे दोनच वाटा होत्या. एक मुंबई-पुण्याची, जिथे गिरणीची भरती संपत आली होती आणि १८ जानेवारी १९८२च्या संपानंतर गिरणीच उरली नाही. दुसरी वाट फडाची.

फडावर नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. मुकादम उचल देतो, टोळी बांधतो, कारखान्याच्या तळावर पाचटाची कोपी उभी राहते, पट्टा पडेपर्यंत पाच-सहा महिने घर तिथेच. हेही स्थलांतरच; पण त्यातून समाज उभा राहत नाही. गिरणी कामगाराला कायम हजेरीपट होता, चाळीचा पत्ता होता, मतदारयादीत नाव होते, मुलांना एकच शाळा होती. ऊसतोड मजूर दरवर्षी नव्याने स्थलांतरित होतो आणि दरवर्षी गावात परत येऊन पुन्हा पहिल्या पायरीवर उभा राहतो. त्याच्या संघटना झाल्या, संप झाले, मजुरीचे करार झाले. पण ज्या शहराने गिरणी कामगाराला ‘मुंबईकर’ केले, तसे शहर त्याला मिळाले नाही. तेरच्या जवळ ढोकीला तेरणा साखर कारखाना झाला तरी जिल्ह्यातून कोयते बाहेर जायचे थांबले नाहीत.

जर-तरचा उपयोग

यावर एक रास्त आक्षेप असा, की इंग्रजी अमलात राहून काय मोठे भले झाले असते? वऱ्हाड तर इंग्रजांकडेच राहिले. तिथे रेल्वे आली, खामगाव-अमरावतीच्या कापूस बाजारांनी नाव कमावले. आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचा जिल्हावार हिशेब मांडताना आज आपण त्याच वऱ्हाडात जातो. सांगोला, करमाळा, माण हे तालुकेही निजामाचे नव्हते, तरी दुष्काळ त्यांना चुकला नाही. हा आक्षेप खरा आहे. पाऊस तहाला विचारून पडत नाही. धाराशिवमधून माणसे बाहेर पडलीच असती.

फरक पडला असता तो कधी आणि कुठे, यात. माणूसमाणचा माणूस मुंबईच्या गोदीत आणि गिरणीत पोहोचला तो वेळेवर, भरती चालू असताना. वेळेवर पोहोचलेल्याला खोली मिळते, खोलीमुळे पुढच्याला आसरा मिळतो, आसऱ्यातून ओळख आणि ओळखीतून नोकरी. उशिरा पोहोचलेल्याला हे सगळे आधीच भरलेले दिसते. मग तो कष्टाळू आहे की आळशी, धाडसी आहे की घरकोंबडा, याला फारसा अर्थ उरत नाही. इतिहासात जर-तरला स्थान नाही असे आपण म्हणतो. पण एखादे कारण किती वजनाचे होते हे ठरवायचे तर ते काढून पाहण्याखेरीज दुसरा उपाय नसतो.

हे ध्यानात घेण्याचे कारण आजचे आहे. १९८४ साली दांडेकर समितीने प्रादेशिक अनुशेषाचा हिशेब मांडला तेव्हापासून मराठवाड्याचे मागासलेपण आकड्यांत बोलले जाते. किती हेक्टर सिंचन कमी, किती किलोमीटर रस्ता कमी. हे आकडे आवश्यक आहेत. पण ‘उशीर’ आकड्यात मावत नाही. शंभर वर्षे उशिरा शहरात येणे म्हणजे काय, हे पुण्याच्या वाघोली-हिंजवडीकडच्या मजूर अड्ड्यांवर पहाटे उभ्या राहणाऱ्या माणसाला विचारावे लागेल. त्याच्या शेजारी बिहारचा, बंगालचा, कर्नाटकाचा माणूस उभा असतो. त्यांच्याही मागे असाच कुठला तरी तह, कुठली तरी रेषा, कुठला तरी न झालेला कालवा असणार. कोण स्थानिक आणि कोण उपरा, हा वाद घालताना एवढे आठवले तरी पुरे, की एके काळी तेरच्या दृष्टीने बार्शी परदेश होती.

२००८पर्यंत लातूर-कुर्डुवाडी मार्ग ब्रॉडगेज झाला. अडीच फुटी रुळांची जागा रुंद रुळांनी घेतली आणि आता लातूरहून रात्री निघालेली गाडी सकाळी मुंबईला पोहोचते. तगरच्या गाड्यांना भडोचला जायला महिना लागत असे. त्या मानाने ही एका रात्रीची गोष्ट. गाडी भरून जाते. तिच्यात बसलेली माणसे वेळेवर पोहोचतात की नाही, हे मात्र गाडीच्या वेगावर ठरत नाही. पुढे त्यांच्यासाठी कोणते काम, कोणती खोली आणि कोणती शाळा खुली आहे, यावर ते ठरते. आणि ते ठरवणे १८६०प्रमाणे आता कुणा गव्हर्नर जनरलच्या हातात नाही, आपल्या हातात आहे.